खाल्लेलं अंगी लागत नाही

अंगणवाडीत महिन्याचं वजन घ्यायचा दिवस असला की दाराबाहेर चपलांचा ढीग पडतो. आत आढ्याला झोळीचा काटा टांगलेला असतो. एक पोर झोळीत पाय झाडत असतं, दुसरं आईच्या पदराआडून ते सगळं बघत असतं. सेविकाताई एका मुलाचा डावा हात कोपरात दुमडते, खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या मध्यावर पेनाने ठिपका करते, मग हात सैल सोडायला लावते आणि ठिपक्यावरून एक पातळ पट्टी दंडाभोवती गुंडाळते. पट्टीच्या खाचेत आकडा दिसतो, आणि रंगही. साडेबारा सेंटिमीटरच्या पुढे हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. साडेअकरा सेंटिमीटरचा दंड म्हणजे केवढा, हे कळायला स्वतःच्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक जुळवून पाहा. त्या कड्यात तो मावतो.

सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या सगळ्या मुलांना ही एकच पट्टी चालते, याचं मला पहिल्यांदा फार नवल वाटलं होतं. कारण साधं आहे. पहिल्या वाढदिवसानंतर मूल उंच होत जातं, पण बाळपणीची चरबी उतरते तसे स्नायू भरत जातात आणि दंडाचा घेर जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे जन्मतारीख नक्की ठाऊक नसली तरी अडत नाही. लाल रंग आला की ते मूल तीव्र कुपोषित, अंगणवाडीच्या भाषेत ‘सॅम’. पिवळा आला की मध्यम कुपोषित, म्हणजे ‘मॅम’.

अशा वेळी आई जे म्हणते ते महाराष्ट्रात कुठेही गेलात तरी जवळपास सारखंच असतं. “खातो हो ताई, पण खाल्लेलं अंगी लागत नाही.” बरीच वर्षं मला ही सबब वाटत असे. घरात पुरेसं नाही हे सांगायचा संकोच, म्हणून असं म्हणत असतील, असं मी धरून चाललो होतो. ते चूक होतं. त्या एका वाक्यात पोषणशास्त्राचा मोठा भाग आहे, आणि जगातल्या आजारांचा भार मोजताना शास्त्रज्ञ ज्या प्रश्नाला अडले, तो प्रश्नही त्यातच आहे.

लाल पट्टीतलं एखादं मूल पावसाळ्यात जुलाबाने गेलं, असं समजा. नोंदीत कारण काय पडेल? जुलाब. शेजारच्या घरात त्याच विहिरीचं पाणी पिणाऱ्या धडधाकट मुलालाही जुलाब झाले, ते चार दिवसांत उठून खेळायला लागलं. मग पहिलं मूल नेमकं कशाने गेलं? मृत्यूच्या दाखल्यावर कुपोषण क्वचितच लिहिलं जातं. तिथे जुलाब असतो, न्यूमोनिया असतो, गोवर असतो.

नेव्हिन स्क्रिमशॉ, कार्ल टेलर आणि जॉन गॉर्डन या तिघांनी हा गुंता १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या एका ग्रंथात नीट मांडला. यातल्या टेलर यांनी पंजाबातल्या नारंगवालला अनेक वर्षं काम केलं. या तिघांचं म्हणणं असं: संसर्ग आणि कुपोषण हे एकमेकांना वाढवत नेतात. ताप आला की शरीर स्वतःचेच स्नायू जाळतं. जुलाब झाले की आतड्याचं अस्तर खराब होतं, पोटात गेलेलं अन्न रक्तात उतरत नाही. भूक मरते. त्यातून मूल उठतं तेव्हा त्याचं वजन आधीपेक्षा कमी असतं आणि प्रतिकारशक्तीही घटलेली असते, म्हणून पुढचा आजार लवकर गाठतो आणि जास्त दिवस राहतो. वर्षातून सहा-सात वेळा असं झालं तर दोन आजारांमध्ये भरून काढायला दिवसच उरत नाहीत. खाल्लेलं अंगी लागत नाही ते असं. जगात पाच वर्षांखालच्या मुलांचे जे मृत्यू होतात त्यांतल्या सुमारे ४५ टक्के मृत्यूंच्या मागे कुपोषण उभं असतं, असा आजचा अंदाज आहे. दाखल्यावर मात्र त्याचं नाव नसतं.

मृत्यूची कारणं मोजायची कल्पना तशी जुनी आहे. लंडनमध्ये दर आठवड्याला मेलेल्यांच्या याद्या छापल्या जात. जॉन ग्रॉन्ट नावाच्या एका व्यापाऱ्याने त्या याद्या गोळा करून १६६२ मध्ये त्यांचा पहिला हिशेब मांडला. यादीतलं कारण ठरवायचं कोण? त्या कामाला गरीब म्हाताऱ्या बायका नेमलेल्या असत. त्या घरी जाऊन प्रेत बघत, घरच्यांना विचारत आणि कारण सांगत. याद्यांमध्ये ‘दात’ हेही मृत्यूचं एक कारण आहे, कारण दात येण्याच्या वयात पोरं फार दगावत. आपण हसू नये. त्या बायकांनी जे पाहिलं ते खरंच होतं, त्याला नाव मात्र दुसरं हवं होतं. आईचं दूध अपुरं पडून वरचं अन्न सुरू होण्याचं आणि रांगत सगळं तोंडात घालण्याचं तेच वय असतं.

पण निव्वळ मृत्यू मोजले तर जगण्यातलं दुखणं हिशेबाबाहेर राहतं. वेडाने कोणी लगेच मरत नाही, आंधळेपणाने मरत नाही, बाळंतपणात झालेल्या इजेने वीस वर्षं कण्हणारी बाई मृत्यूच्या आकड्यात येत नाही. ही उणीव भरून काढायला ख्रिस्तोफर मरी आणि ॲलन लोपेझ यांनी एक माप तयार केलं. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालातून ते जगापुढे आलं. त्याला ‘डॅली’ म्हणतात. मराठीत त्याला गमावलेलं निरोगी वर्ष म्हणता येईल. माणूस अकाली गेला तर आदर्श आयुर्मानातली जेवढी वर्षं हुकली तेवढी मोजायची. जिवंत राहून आजारी असला तर आजाराच्या तीव्रतेला शून्य ते एक यांच्यामधलं वजन द्यायचं आणि त्याने वर्षांना गुणायचं. आदर्श आयुष्य ८६ वर्षांचं धरलं तर वर्षाच्या बाळाच्या मृत्यूने साधारण ८५ वर्षं गेली. एखाद्या दुखण्याचं वजन ०.२ असेल आणि ते दहा वर्षं टिकलं तर दोन वर्षं गेली. दोन्हींची बेरीज म्हणजे त्या समाजावरचा आजारांचा भार.

या काट्याने पहिल्याच तोलात जगाला धक्का दिला. १९९० सालच्या आकड्यांत न्यूमोनिया, जुलाब आणि जन्माच्या वेळचे आजार यांच्या खालोखाल चौथ्या जागी नैराश्य आलं. तोवर आरोग्य खात्यांनी नैराश्याला एवढा मोठा आजार सहसा मानलं नव्हतं, कारण मृत्यूच्या यादीत त्याची गणतीच नव्हती.

काटा नवा असला तरी त्यातली वजनं माणसांनीच ठरवलेली होती, हे विसरता कामा नये. सुरुवातीच्या डॅलीत पंचविशीच्या आसपासचं वर्ष तान्ह्या बाळाच्या किंवा म्हाताऱ्याच्या वर्षापेक्षा अधिक मोलाचं धरलं होतं, कारण त्या वयाची माणसं इतरांना पोसतात. शिवाय भविष्यातल्या वर्षाचं मोल दरसाल तीन टक्क्यांनी उतरवलं होतं, जसं बँक पैशाचं उतरवते. अर्थतज्ज्ञ सुधीर आनंद आणि त्यांच्या सहकारी कॅरा हॅन्सन यांनी यावर १९९७ मध्ये कडक टीका केली. एखाद्याचं आयुष्य तो कमावतो की नाही यावर तोलायचं का, हा त्यांचा सवाल होता, आणि मला तो पूर्णपणे पटतो. पुढे २०१० सालच्या आकड्यांसाठी दोन्ही नियम काढून टाकले गेले. आजारांची वजनंही आधी तज्ज्ञांच्या बैठकीत ठरली होती. नंतर बांगलादेश, इंडोनेशिया, पेरू, टांझानिया आणि अमेरिका इथल्या सामान्य लोकांना, आणि इंटरनेटवरून आणखी काहींना, दोन-दोन दुखणी सांगून ‘यातला जास्त निरोगी कोण’ असं विचारण्यात आलं. सुमारे तीस हजार लोकांनी उत्तरं दिली.

भारताचा असा राज्यवार हिशेब २०१७ मध्ये जाहीर झाला. १९९० मध्ये देशाच्या एकूण भारात संसर्ग, बाळंतपण, नवजात बाळांचे आजार आणि पोषणाची कमतरता यांचा वाटा ६१ टक्के होता. २०१६ पर्यंत तो ३३ वर आला. हृदयविकार, मधुमेह, दमा, कर्करोग अशा आजारांचा वाटा मात्र ३० वरून ५५ टक्क्यांवर गेला. वर्तमानपत्रांनी दुसरा आकडा ठळक छापला. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची आहे. आजाराची कारणं न बघता त्यामागचे धोके मोजले तेव्हा पंचवीस वर्षांनंतरही पहिल्या क्रमांकावर माता आणि बालकांचं कुपोषणच होतं. एकूण भारातला जवळपास १५ टक्के वाटा त्याचा होता.

कुपोषित कोणाला म्हणायचं, यावर सगळ्यात खोल वाद झाला तो पुण्यात, आणि दोन्हीकडे सातारकर होते. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या गरिबीचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी दिवसाला २२५० कॅलरी मिळायला हव्यात असं धरून त्यांनी हिशेब केला, तर ग्रामीण भागातले ४० टक्के आणि शहरातले ५० टक्के लोक रेषेखाली आले. पां. वा. सुखात्मे यांना हे मान्य नव्हतं. बुध गावचा हा संख्याशास्त्रज्ञ जागतिक अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचा प्रमुख राहून पुण्याला परतला होता. त्यांचं म्हणणं, सरासरी गरज हीच रेषा धरली तर ठणठणीत माणसांतलेही कितीतरी जण उपाशी ठरतील. एकाच माणसाची गरजसुद्धा रोज सारखी नसते, शरीर कमी-जास्तीशी जमवून घेतं. रेषा बरीच खाली असली पाहिजे.

सुखात्म्यांची दुसरी बाजू लोकांनी फारशी लक्षात ठेवली नाही, आणि मला तीच मोलाची वाटते. नुसतं धान्य वाढवून भागणार नाही, स्वच्छ पाणी आणि स्वच्छ परिसर नसेल तर खाल्लेलं वाया जातं, हे ते तळमळीने सांगत राहिले. अंगणवाडीतली आई म्हणते तेच हे. पण शरीर जमवून घेतं म्हणजे फुकटात जमवून घेतं असं नाही. १९८२ च्या सुमारास अमेरिकन अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेकलर यांनी हाच धागा ओढून ‘लहानखुरी पण निरोगी’ अशी कल्पना मांडली: भारतातली बुटकी मुलं आजारी नाहीत, ती फक्त कमी अन्नाला जुळवून घेतलेली आहेत. पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी त्याला सडेतोड उत्तर दिलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची वाढ मोजली. आई धूम्रपान न करणारी, बाळाला अंगावरचं दूध, घरात खायला-प्यायला नीट, अशीच मुलं त्यात घेतली होती. भारतातून दिल्लीची मुलं होती. पाच वर्षांपर्यंत सगळीकडची मुलं जवळपास सारखीच वाढली. २००६ मध्ये आलेले वाढीचे तक्ते यावरच बेतलेले आहेत. आपली पोरं मुळातच लहान चणीची असतात, हे त्यानंतर म्हणायची सोय राहिली नाही.

या तक्त्यांवर मुलं दोन तऱ्हांनी मागे पडतात. उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर मूल लुकडं. ही अलीकडची, काही आठवड्यांची उपासमार किंवा आजार. वयाच्या मानाने उंची कमी असेल तर खुजं. ही जुनी, बहुधा आईच्या पोटापासूनची उणीव. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातली ३५.२ टक्के मुलं खुजी आणि २५.६ टक्के लुकडी निघाली. धडधाकट मुलांच्या समाजात हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आत असतं.

पोटातच काय घडतं, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी लग्न झालेल्या मुलींची मापं घ्यायला सुरुवात केली. गर्भारपणाआधी या मुलींचं सरासरी वजन जेमतेम ४२ किलो. बाळं जन्मली सुमारे २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीनची. इथवर कुणालाही अपेक्षित असंच. पण चिमट्याने कातडीची जाडी मोजल्यावर दिसलं, की आपल्या बाळांचे स्नायू आणि अवयव लहान असले तरी चरबी जवळजवळ तेवढीच राखलेली आहे. बाळ दिसायला रोडकं, आतून लठ्ठ. मोठेपणी मधुमेह होण्याची तयारी इथूनच सुरू होते. आईच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त असेल तर सहाव्या वर्षी मुलाच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, असंही पुढे आढळलं. दूधदुभतं ताटात न येणाऱ्या घरांत ब-१२ ची चणचण सर्रास असते.

याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापलं. त्यात ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी-शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा हुबेहूब एक, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची सुमारे ९ टक्के, याज्ञिकांची २१. कुपोषण हे गरीब जिल्ह्यांचं आणि मधुमेह हा सुखवस्तू शहरांचा, अशी वाटणी आपण करतो. त्या छायाचित्राने निदान माझ्या डोक्यातून ती कायमची काढून टाकली.

एवढा सगळा हिशेब ज्या नोंदींवर उभा आहे त्या येतात कुठून? बऱ्याचदा येतच नाहीत. देशभर घरोघरी जाऊन मृत्यूंची चौकशी केलेल्या एका मोठ्या अभ्यासात २००५ साली सर्पदंशाने सुमारे ४६ हजार माणसं गेल्याचं दिसलं. रुग्णालयांच्या सरकारी आकड्यांच्या हे तीस पटींहून अधिक होतं. साप चावलेला माणूस रुग्णालयापर्यंत पोचलाच नसेल तर तो कुणाच्या वहीत चढणार?

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या नव्हे, गावात राहणाऱ्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता. आधी कधी तपासणी झालेल्या बायका आठ टक्केही नव्हत्या. अंगावरून पांढरं जाणं, कंबर धरणं, पाळीचा त्रास हे सारं बायकांनी बाईच्या जातीला असायचंच म्हणून अंगावर काढलं होतं. तोपर्यंत जगातल्या तक्त्यांत हा भार जवळपास नव्हताच. डॅलीच्या सूत्रात कितीही सुधारणा केल्या तरी जे घरात कुणी विचारलंच नाही ते त्यात येणार नाही.

घरी जाऊन विचारलं तरी पुढे मोजता यायला हवं. बाळांचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला किती श्वास ते मोजावं लागतं. दोन महिन्यांखालच्या बाळाचे साठ किंवा त्याहून जास्त झाले की धोका. गावातल्या अनेक दायांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. बंगांनी त्यांच्यासाठी लाकडी पट्टी बनवली: एका बाजूला मिनिटभराचं वाळूचं घड्याळ, दुसऱ्या बाजूला मण्यांच्या दोन रांगा, एक तान्ह्यासाठी, एक मोठ्यासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर ‘डब्बा’, म्हणजे न्यूमोनिया, झालाय, औषध सुरू. कुणाला साठ हा आकडा माहीत असण्याची गरजच राहिली नाही.

पुढे १९९५ पासून ३९ गावांत, गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बायका घरी जाऊन नवजात बाळ बघू लागल्या. बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, अंगावर पाजताना काय अडतंय ते बघायचं, बाळ गार पडू द्यायचं नाही, जंतुसंसर्ग वाटला तर इंजेक्शन द्यायचं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले. या पद्धतीवर आधारलेली योजना २०११ मध्ये केंद्र सरकारने देशभर घेतली. आता आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. पिशवीतून झोळीचा छोटा काटा काढते, थर्मामीटर काढते, घड्याळ लावून बाळाच्या पोटाकडे बघत श्वास मोजते आणि फॉर्म भरते. देशाच्या नवजात बाळांबद्दल आपल्याला जे काही कळतं, त्यातलं काही त्या फॉर्मवर पहिल्यांदा उतरतं. योजना सुरू झाली तेव्हा एका बाळाच्या या सगळ्या भेटी पुऱ्या केल्याचे तिला अडीचशे रुपये ठरले होते.